यंत्रनिर्णय : शीर्षिकेची साक्ष आणि अंतर्गत पुरावा

संकलित आज्ञावली कोणत्या जातीच्या प्रोसेसरसाठी सिद्ध झाली, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. फाइलीची शीर्षिका वाचावी, तेथील क्रमांक पाहावा आणि निर्णय द्यावा, अशी रूढ पद्धती आहे. ती सोयीची आहे, यात संशय नाही. परंतु ती पुरेशी आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

केवळ नावावरून निर्णय होत नाही, हे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या 'परम' संगणकांवरून स्पष्ट होते. १९९१ च्या 'परम ८०००' मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, १९९८ च्या 'परम १००००' मध्ये अल्ट्रास्पार्क, त्यानंतरच्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे पॉवर-४ आणि २००८ च्या 'परम युवा'मध्ये इंटेलचे झिऑन. कुलनाम एक, आज्ञासंच मात्र चार. तेव्हा 'परमवरील आज्ञावली' एवढ्या नोंदीने काहीच सिद्ध होत नाही.

शीर्षिकेची साक्ष याहून बळकट होय. 'एल्फ' पद्धतीच्या फाइलीत एकोणिसावा व विसावा हे बाइट प्रोसेसरचा क्रमांक सांगतात : २ म्हणजे ३२ बिटांचा स्पार्क, ६२ म्हणजे ६४ बिटांचा एक्स८६. मात्र बाइटांचा क्रम दर्शविणारा सहावा बाइट आधी न पाहिल्यास ६२ च्या जागी १५,८७२ वाचले जातात. शिवाय शीर्षिका बदलता येते. आणि उपकरणात कोरलेल्या आज्ञावलीस बहुधा ती नसतेच.

अशा वेळी आज्ञांचा उलगडा करून पाहावा आणि उलगडा झाला की जात ठरली, असा समज आढळतो. हा हेत्वाभास आहे. एक्स८६ च्या आज्ञा १ ते १५ बाइटांच्या असतात. त्यामुळे जवळजवळ कोणत्याही बाइटमालेतून तेथे काही ना काही अर्थ निघतो. याउलट स्पार्कची प्रत्येक आज्ञा ४ बाइटांची. ३२ बिटांच्या स्पार्कवर कार्यखंडातून परतण्याची १२९, १९९, २२४, ८ ही माला चाराच्या पटीतील स्थानीच पुनःपुन्हा आढळली, तर तो योगायोग म्हणता येत नाही.

सारांश, उलगडा होणे ही केवळ शक्यता, शीर्षिका ही साक्ष, आणि नियत स्थानी होणारी आवृत्ती हा पुरावा होय. साक्ष व पुरावा यांत विरोध आल्यास पुराव्यासच प्रामाण्य द्यावे. मूळ संहिता हरवलेल्या आज्ञावलीबाबत तर या विवेकाला पर्याय नाही. कारण तेथे जात चुकली की पुढील सर्व वाचन व्यर्थ होय.