स्वयंचलित अणुशोषणमापन : मेळ आणि सत्यता

रासायनिक पृथक्करणात अणुशोषण वर्णपटमितीला जे स्थान लाभले, त्याचा पाया अ‍ॅलन वॉल्श यांच्या १९५५ सालच्या निबंधाने घातला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये आल्केमाडे व मिलाट्झ यांनीही स्वतंत्रपणे हाच मार्ग सुचविला होता. ज्योतीत मुक्त झालेले अणू आपल्या विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि तो प्रकाश त्याच मूलद्रव्याच्या पोकळ ऋणाग्र दिव्यातून येतो. त्यामुळे इतर मूलद्रव्यांचा अडथळा सहसा होत नाही. या निवडकपणामुळे पद्धतीवर विश्वास बसला. पुढे नमुने उचलणारा यांत्रिक हात व संगणक जोडले गेल्यावर तो विश्वास यंत्रावर स्थिरावला. तो कितपत सार्थ आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

स्वयंचलनाचे श्रेय नाकारता येणार नाही. ल्व्हॉव्ह यांनी १९५९ मध्ये पुढे आणलेल्या ग्रॅफाइट भट्टीच्या पद्धतीत आज काही मायक्रोलिटर द्रावणावर मापन होते. एवढा सूक्ष्म थेंब दर वेळी त्याच जागी सोडणे मानवी हाताला दुष्कर आहे. तेथे यंत्र ही सोय नसून गरजच ठरते.

परंतु वाचनांचा परस्पर मेळ आणि सत्य मूल्याशी जवळीक या दोन भिन्न गोष्टी होत. हवा-अ‍ॅसिटिलीन ज्योतीत फॉस्फेटच्या सान्निध्यात कॅल्शियमचे काही अणू मुक्तच होत नाहीत. प्रमाण द्रावणे फॉस्फेटविरहित असतील, तर यंत्र शंभर वाचने एकसारखी देईल आणि ती सर्व सारखीच उणी असतील. लँथॅनम मिसळावे की नायट्रस ऑक्साइडची अधिक उष्ण ज्योत वापरावी, हा निर्णय नमुन्याची घटना जाणणाऱ्यानेच घ्यावयाचा असतो.

ज्ञात प्रमाण नमुन्यातच मिसळण्याची रीत यंत्र आपोआप पार पाडते, मग दोष उरतो कोठे, असा आक्षेप घेतला जाईल. ही रीत प्रमाणबद्ध दोष सुधारते. स्थिर वजावटीचा दोष तिच्या आवाक्याबाहेर राहतो. लोहबहुल नमुन्यातील सेलेनियम हे याचे बोलके उदाहरण होय. सेलेनियमच्या १९६.० नॅनोमीटर रेषेनिकट लोहाच्या शोषणरेषा आहेत. ड्यूटेरियम दिव्याने पार्श्वशोषण वजा करताना या रेषांचे शोषणही वजा होते आणि सेलेनियम वास्तवाहून कमी दिसते. झीमान परिणामावर आधारलेली वजावट येथे अधिक विश्वसनीय ठरते. परंतु ती हवी, हे यंत्र स्वतः सांगत नाही.

सेलेनियमची उणीव आणि विषबाधा यांतील अंतर अल्प असल्याने अशी चूक केवळ आकड्याची राहत नाही. तिच्यामुळे अपायकारक अन्न वा पाणी निर्दोष ठरू शकते. म्हणून केवळ प्रमाण विचलन देऊन थांबणारा प्रबंध अपुरा मानला पाहिजे. प्रमाणित संदर्भ पदार्थाचे मापन, मिसळलेल्या अंशाची प्राप्ती आणि वजावटीची पद्धत यांची नोंद त्याच्यासोबत असलीच पाहिजे. यंत्राने हाताचे श्रम घेतले आहेत. विचाराचे उत्तरदायित्व मात्र पृथक्करण करणाऱ्याकडेच राहिले आहे.