'मनीबॉल' : आकड्यांची अर्धीच गोष्ट

बेसबॉलचे नियम आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतात. तरीही बेनेट मिलर दिग्दर्शित 'मनीबॉल' (२०११) हा चित्रपट गणिताच्या शिक्षकांनी जरूर पाहावा, आणि पाहताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.

२००१ चा हंगाम संपला आणि कॅलिफोर्नियातील ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या गरीब संघाचे तीन प्रमुख खेळाडू श्रीमंत संघांनी पळवले. संघाचा व्यवस्थापक बिली बीन (ब्रॅड पिट) एका अर्थशास्त्र शिकलेल्या तरुणाच्या मदतीने, इतरांनी नाकारलेले खेळाडू आकडेवारी पाहून स्वस्तात घेतो. जुने निवडकर्ते मात्र खेळाडूची प्रेयसी दिसायला कशी आहे यावरून त्याचा आत्मविश्वास जोखत असतात!

आकडेवारी म्हणजे नेमके काय? बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी क्रिकेटसारखी नसते. ती यशस्वी फटक्यांचे प्रमाण सांगते. गोलंदाजाने चार चेंडू कक्षेबाहेर टाकले, की फलंदाज फटका न मारताच पहिल्या तळावर चालत जातो. या 'वॉक'ची संधी सरासरीत मोजतच नाहीत. समजा, दोन फलंदाजांना प्रत्येकी १०० संधी मिळाल्या. पहिल्याचे २७ फटके व ३ वॉक, दुसऱ्याचे २३ फटके व १५ वॉक. सरासरी अनुक्रमे २७/९७, म्हणजे ०.२७८, आणि २३/८५, म्हणजे ०.२७१. पहिला सरस वाटतो. पण तळावर पोचला पहिला ३० वेळा, दुसरा ३८ वेळा! नऊ डावांत मिळून संघाला २७ बळीच गमावता येतात, तेव्हा बाद न होणे हीच खरी कमाई. हे चित्रपटाने छान पकडले आहे.

चित्रपटातील तरुण म्हणतो, ९९ सामने जिंकायचे तर ८१४ धावा करा आणि ६४५ हून जास्त देऊ नका. बिल जेम्स यांचे सूत्र असे : केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. उत्तराला हंगामातील १६२ सामन्यांनी गुणा. सुमारे ९९.५ येतात. विद्यार्थ्यांना हे करायला जरूर द्यावे.

माझी तक्रार पुढे आहे. २००२ मध्ये ओकलंडने १०३ सामने जिंकले, हे चित्रपट वाजतगाजत सांगतो. आदल्या वर्षी ते १०२ होते! शिवाय धावा ८८४ वरून ८०० वर आल्या. दिलेल्या धावा ६५४. सूत्र ९७ विजय देते, वरचे सहा सूत्राबाहेरचे. त्यांत नशिबाचाही वाटा असणार. हडसन, मल्डर आणि झिटो हे तीन उत्तम गोलंदाज संघात आधीपासून होते. झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार मिळाला, आणि लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला तो याच संघाचा मिगेल तेहादा. पडद्यावर ही मंडळी जवळजवळ नाहीतच. म्हणजे आकड्यांची बाजू घेणारा चित्रपट स्वतः मात्र सोयीचे आकडे निवडतो.

अर्थात तिघे गेल्यावरही घसरण झाली नाही, हे यश लहान नव्हे. आणि बीनच्या कल्पनेला पुढे आधारही मिळाला. हेक्स व सॉअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले, की तळावर पोचण्याच्या कौशल्याला पूर्वी वाजवीपेक्षा कमी मोबदला मिळे आणि २००४ पर्यंत बाजाराने ती चूक सुधारली.

त्या हंगामाचा शेवट मिनेसोटाकडून ३-२ अशा पराभवाने झाला. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असलेला संघही पाच सामन्यांची मालिका सुमारे ४१ टक्के वेळा हरतो. हे चित्रपटात कोणी मांडून दाखवत नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात ते पाच मिनिटांत फळ्यावर होते.