सरासरी आणि रेणू : बारस्टार प्रथिनाच्या प्रकाशीय अभ्यासाचे परीक्षण

लहान प्रथिनाची घडी एकदम उलगडते की टप्प्याटप्प्याने, हा जैवभौतिकीतील जुना वाद आहे. पाठ्यपुस्तके बहुधा पहिला पक्ष घेतात. निरनिराळ्या मापनांचे आलेख परस्परांशी जुळले की 'मधली अवस्था नाही' असे मानले जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जी. कृष्णमूर्ती व बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील जयंत उदगावकर यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली 'नेचर स्ट्रक्चरल बायॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने या गृहीतालाच आव्हान दिले.

बारस्टार हे ८९ अमिनो आम्लांचे प्रथिन. त्यातील ट्रिप्टोफॅनने शोषलेली ऊर्जा साखळीवर अन्यत्र जोडलेल्या ग्राहक गटाकडे किती जाते, यावरून दोहोंतील अंतर काढता येते. ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा संक्रमित होते त्याला एकक मानू. निम्मे रेणू ०.५ एकक व निम्मे १.५ एकक अंतरावर असतील, तर संक्रमण अनुक्रमे सुमारे ९८ व ८ टक्के होईल. सरासरी ५३ टक्के येते आणि तिच्यावरून अंतर ०.९८ एकक निघते. त्या अंतरावर प्रत्यक्षात एकही रेणू नसतो! म्हणूनच या संशोधकांनी सरासरी तीव्रतेवर न थांबता प्रतिदीप्तीच्या आयुर्मानांचे वितरण काढले. रचना क्रमाक्रमाने, अनेक पायऱ्यांनी नाहीशी होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या पद्धतीचे सामर्थ्य मान्य करूनही दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक ठरते. वितरणासाठी वापरलेली महत्तम एन्ट्रॉपीची पद्धत पूर्वकल्पित प्रतिमानापासून मुक्त समजली जाते. परंतु मोजमापाशी जुळणाऱ्या अनेक वितरणांतून ती सर्वांत सपाट वितरण निवडते. त्यामुळे जवळची दोन शिखरे एकत्र मिसळण्याचा संभव राहतो. दुसरे असे की, प्रकाश केवळ निवडलेल्या दोन स्थानांमधील अंतर सांगतो, संपूर्ण साखळीची कथा नव्हे. म्हणून अनेक स्थानांवरील मापन आणि ग्राहकाविना घेतलेले तुलनात्मक मापन अपरिहार्य ठरते.

तरीही निबंधाचे मूळ प्रतिपादन अबाधित राहते : आलेखांचे जुळणे हा द्विअवस्थेचा पुरेसा पुरावा नव्हे. लवळ्यासारख्या शैक्षणिक परिसरात जीवशास्त्र शिकविताना महागडी लेसर यंत्रणा हाताशी नसली, तरी वरील गणित फळ्यावर मांडता येते. सरासरीला रेणू समजण्याची चूक टाळण्यास तेवढेही उपयोगी पडेल.