संप आणि भाई : मुंबईच्या गुंडपटातील हरवलेला बाप

गुंडपटाची चिकित्सा करताना रॉबर्ट वॉर्शो यांच्या 1948 मधील निबंधाचा आधार घेण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. अमेरिकन पडद्यावरील गुंड हा शोकात्म नायक आहे. यशाचा ध्यास घेणारा मनुष्य एकाकी पडतो आणि एकाकीपणातच मारला जातो, हे त्यांचे प्रतिपादन. मुंबईच्या चित्रपटांना हा आराखडा वरवर लागू पडतो. चढण आणि घसरण येथेही आहे. तथापि वॉर्शोंच्या गुंडाला शहर असते, पूर्वपीठिका जवळपास नसते. मुंबईच्या गुंडाला मात्र, निदान आरंभीच्या काळात, बाप होता, आणि तो बाप कामगारांचा पुढारी होता. तौलनिक अभ्यासाने या तपशिलाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

यश चोप्रा दिग्दर्शित आणि सलीम-जावेद लिखित 'दीवार' (1975) या चित्रपटातील विजयची गोष्ट गोदीत सुरू होत नाही. ती कोळसा खाणीतील संपात सुरू होते. कुटुंबाच्या जिवावरील धमकीमुळे बाप मालकांच्या करारावर सही करतो आणि त्या एका सहीचा कलंक मुलाच्या हातावर गोंदला जातो. पुढे गोदीतील हमालांच्या मजुरीतून हप्ता उकळणाऱ्यांविरुद्ध विजय उभा राहतो तेव्हा त्याची कृती मूलतः कामगाराचीच असते. फक्त तिच्यामागे आता संघटना नसते. तस्करी त्यानंतर येते. या व्यक्तिरेखेचा संबंध हाजी मस्तानशी जोडण्यातच समीक्षेने आपली शक्ती खर्च केली. वास्तविक संहितेच्या दृष्टीने हाजी मस्तानपेक्षा पराभूत युनियन पुढारी अधिक महत्त्वाचा आहे.

मणिरत्नम यांच्या 'नायकन' (1987) या तमिळ चित्रपटात हेच आशयसूत्र पुन्हा येते. वेलूचा बापही युनियनचा पुढारी असतो. पोलीस मुलाला फसवून बापाचा ठावठिकाणा काढतात आणि त्याला ठार करतात. त्या पोलिसाचा खून करून मुलगा मुंबई गाठतो. वरदराजन मुदलियार यांचे चरित्र आणि 1972 चा 'गॉडफादर' हे दोन स्रोत नेहमी सांगितले जातात. बापाच्या हत्येचा हा आरंभ 'दीवार'च्या अधिक जवळचा आहे. दोन भिन्न भाषांतील, भिन्न वृत्तीच्या या दोन कृती गुंडाची उत्पत्ती एकाच ठिकाणी, मोडून पडलेल्या कामगार लढ्यात शोधतात. हा केवळ प्रभावाचा प्रश्न मानून तो निकालात काढता येणार नाही.

राम गोपाल वर्मांच्या 'सत्या'त (1998) मात्र बाप नाही. नायक कुठून आला, त्याचे पूर्वायुष्य काय, हे चित्रपट सांगत नाही. ही मुग्धता वास्तववादाची खूण म्हणून वाखाणली गेली. वाखाणणी अगदीच अस्थानी नाही. पण या मौनात काय गाडले गेले याचाही विचार व्हावयास हवा. 'दीवार' आणि 'सत्या' यांच्या मधोमध 1982 चा गिरणी संप आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. म्हणजे ज्या दशकात शहराला सर्वांत मोठा संप आठवणीत बाळगावा लागला, त्यानंतरच गुंडपटाच्या आरंभातून संप नाहीसा झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संप फसला, मुले बेकार झाली, टोळ्यांत गेली, हे विधान इतके सरावाचे झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही. कीर्ती महाविद्यालयात शिकलेला मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला तो 11 जानेवारी 1982 रोजी, संपाच्या बरोबर एक आठवडा आधी. दादा लोक तर त्याहून कितीतरी जुने. राजनारायण चंदावरकरांच्या संशोधनातून दिसणारा दोन महायुद्धांदरम्यानचा गिरणगावातला दादा हा व्यायामशाळा, जॉबर, सावकार आणि संप या सर्वांशी जोडलेला वस्तीतला बळकट माणूस आहे. तो कधी संपाच्या बाजूने असतो, कधी मालकाच्या. टोळ्या संपातून जन्मल्या असे म्हणणे म्हणूनच इतिहासाला धरून नाही. संपाची कथा सांगण्याची जागा टोळीच्या कथेने घेतली, एवढे मात्र म्हणता येईल; आणि साहित्याच्या अभ्यासकाला तेवढेच पुरेसे आहे.

शब्दांचा प्रवासही हेच सुचवतो. 'दादा' आणि 'भाई' ही दोन्ही नात्यांची नावे. पैकी 'भाई' हे संबोधन शेतकरी कामगार पक्षाच्या परंपरेत सोबत्याच्या नावामागे आदराने लागत असे : भाई माधवराव बागल, भाई उद्धवराव पाटील. पुढे तोच शब्द खंडणीच्या दूरध्वनीवर ऐकू येऊ लागला. मराठी कोशकारांनी या अर्थांतराची नोंद अधिक आस्थेने घ्यायला हवी होती.

मराठी माणसाचे स्थानही या प्रवासात बदलते, आणि ते पाहण्यासाठी 'नायकन' व 'सत्या' शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. 'नायकन'मध्ये मराठी नाव धारण करतो तो इन्स्पेक्टर केळकर. तो सत्तेचा, दंडुक्याचा प्रतिनिधी; वेलूला शेवटी मारतो तो केळकरचाच मुलगा. धारावीतल्या स्थलांतरिताच्या नजरेला मराठी म्हणजे राज्यसंस्था. 'सत्या'त भिकू म्हात्रे येतो आणि चित्र उलटते. आता मराठी हा गुंड आहे, घरात बायकोशी कडाडून भांडणारा, बिनपूर्वजाच्या परक्याला आसरा देणारा. त्याचा काळ ठरतो तो भाऊ जावळेही मराठीच, आणि त्याचा शेवट गणपती विसर्जनाच्या गर्दीत होतो. मराठीपणाचे एवढे दाट चित्रण हिंदी चित्रपटात क्वचितच आले असेल. परंतु त्यात श्रम नाहीत. भिकूचे शहर बोलीने, सणाने आणि शिवीने मराठी आहे, कामाने नाही.

महेश मांजरेकरांच्या 'वास्तव'मध्ये (1999) काम आहे. पावभाजीची गाडी आहे, निम्नमध्यमवर्गीय घर आहे. आणि अखेरीस मुलावर गोळी झाडणारी आई आहे. 'मदर इंडिया'चा (1957) हा उघड अनुवाद. तेथे आई झालेल्या नर्गिस आणि मुलगा झालेले सुनील दत्त यांचाच पुत्र येथे आईच्या गोळीने मरतो, हा योगायोग प्रेक्षकांच्या स्मरणात नसेल असे मानणे कठीण. पण 'मदर इंडिया'तील आई गावाच्या अब्रूसाठी मुलाला मारते. 'वास्तव'मध्ये गावाची जागा घेईल असा कोणताही समुदाय उरलेला नाही. आई केवळ सुटका करते.

या सर्वांच्या समोर जयंत पवारांचे 'अधांतर' (1997) ठेवले म्हणजे माध्यमभेदाचा प्रश्न आशयाचा प्रश्न होतो. गिरणगावातल्या एका खोलीत हे नाटक घडते. नरू टोळीत आहे, पण टोळी रंगमंचावर येत नाही; प्रेक्षकाला दिसते ते घरातले त्याचे येणे-जाणे, भावंडांची चडफड, आईचा हिशेब. क्रिकेटमध्ये बुडालेला मोहन आणि लेखक होऊ पाहणारा बाबा यांच्या रांगेतच नरू उभा आहे. तो त्या घराचा नायक नाही, त्या घरातल्या अनेक फसलेल्यांपैकी एक आहे. नायकत्व नाकारण्याची ही कृती मराठी वाङ्मयात अगदी नवी नव्हे. आचार्य अत्र्यांच्या रोषास पात्र ठरलेल्या भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तील (1965) पोरेही अशीच चढणीविना जगतात.

'अधांतर'वरून मांजरेकरांनी 2010 मध्ये 'लालबाग परळ' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'सिटी ऑफ गोल्ड' केली. संप पडद्यावर परतला, संपकरी बापही परतला. हे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र कॅमेऱ्याला खोलीबाहेर जाता येते आणि तो गेला. नाटकाने ऐकू दिलेली हिंसा चित्रपटाने दाखवली. नरूला वेग मिळाला, पिस्तूल मिळाले, पडद्याचा मोठा भाग मिळाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट खुली केली, 1994 मध्ये सुनीत खटाव या गिरणीमालकाची आणि 16 जानेवारी 1997 रोजी दत्ता सामंतांची हत्या झाली. संप, टोळी आणि जमीन यांचे धागे या वर्षांत एकमेकांत गुंतलेले आहेत. ती गुंतागुंत उलगडायला चित्रपटापाशी साहित्य होते. बाप चौकटीत आहे, पण चौकट आता मुलाच्या हालचालीनुसार सरकते.