वेश आपला, डाव कुणाचा?

व्हिडिओ गेम बनवण्याचा धंदा भारतात रुजला तो बंगळुरूत. राजेश राव यांनी १९९७ साली इथे 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' ही कंपनी काढली आणि पुढची वीसेक वर्षं तिथल्या मुलामुलींनी परदेशी खेळांसाठी गाड्या, इमारती, माणसं घडवून दिली. २०१९ मध्ये 'रॉकस्टार' या परदेशी गेम कंपनीने ती विकत घेतली. हाताला कसब आहे, याबद्दल शंकाच नको. मला प्रश्न पडतो तो खेळाच्या कल्पनेचा. गेल्या काही वर्षांत आपल्या माणसांनी स्वतःच्या नावावर काढलेले खेळ मी हौसेने खेळत आलो आहे. माझं मत असं झालंय की आपण पोशाख आणि देखावे फार सुरेख करतो, पण डाव मांडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याचाच.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'चा 'राजी' (२०२०) घ्या. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी वाडे, पहाडी चित्रांसारखी निसर्गदृश्यं, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून उलगडणारी कथा. डोळे निवतात. मात्र लढाई सुरू झाली की उडी, वार, बगल, पुन्हा वार. दुर्गेने दिलेल्या त्रिशूळाच्या जागी साधा भाला ठेवला तरी फारसं बिघडणार नाही. पण राजी डोंबारी खेळ करणारी आहे, आणि खांबाला गिरकी घेऊन ती शत्रूवर कोसळते तेव्हा तिचा पेशाच नियमात उतरलेला असतो. तेवढ्या क्षणांसाठी मी हा खेळ दुसऱ्यांदा खेळलो.

पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' आणला. बंदुका घेऊन बेटावर उतरायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं, हा साचा 'पबजी'ने घरोघरी पोचवलेला. त्यावर भविष्यातल्या भारताचा साज चढवलाय. साजापेक्षा मला त्यातलं 'कॉस्मियम' मोलाचं वाटतं. शेवटच्या टप्प्यात ते जो काबीज करेल तो जिंकतो, मग समोर कितीही जण जिवंत असोत. झुडपात लपून शेवटाची वाट पाहणाऱ्याला त्यामुळे बाहेर यावंच लागतं. एका नियमाने सगळ्या सामन्याची चाल बदलते. असं आणखी हवं होतं.

या सगळ्यांत मनात घर करून राहिला तो 'वेनबा' (२०२३), आणि तो बनला टोरंटोत. कॅनडात राहणारं तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही. पुसलेल्या ओळी तर्काने भरून काढायच्या आणि स्वयंपाक करायचा. पहिलाच पदार्थ इडली. ताटं एकावर एक कशी रचायची, वाफेला वाट कुठून द्यायची, हे कोडं सोडवताना आपल्या घरचं इडलीपात्र हातात येतं. इथे पोशाख आणि डाव वेगळे काढताच येत नाहीत. वहीतला मजकूर हरवणं म्हणजेच घर सुटणं, आणि ते खेळणाऱ्याला बोटांनी कळतं. खेळ जेमतेम दीड तासाचा. २०२४ मध्ये त्याला पदार्पणाचा बाफ्टा मिळाला, आणि तो योग्यच होता.

मग इथे असे खेळ थोडे का? पैसा कुठे गेला ते पाहा. कित्येक वर्षं 'गेमिंग' म्हणून भांडवल ओतलं गेलं ते पैसे लावून खेळायच्या रमीत आणि फँटसी क्रिकेटमध्ये. बंगळुरूची 'मोबाइल प्रीमियर लीग' त्यातलीच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली आणि या शहरात अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांचं दुःख मोठं आहे. तरीही जुगार आणि खेळ यांच्यात कायद्याने रेघ ओढली, हे मला हिताचंच वाटतं. त्या गल्ल्यात कथा, चित्र, संगीत यांना जागाच नव्हती.

आणि नियम रचणं आपल्याला परकं नाही. म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वडियार स्वतः नवे पट आणि बुद्धिबळाचे नवे प्रकार रचत. आज बंगळुरूत राहणाऱ्याला तर डाव शोधायला पुराणात जायलाही नको. इथली तळी एकमेकांना कालव्यांनी जोडलेली आहेत, वरचं भरलं की पाणी खालच्यात, बेळंदूरचं वर्तूरला. मधला राजकालुवे, म्हणजे तळी जोडणारा कालवा, बुजवून कुणी इमारत उभी केली की दुसऱ्याच कुणाच्या घरात पाणी शिरतं. वरचा खेळाडू, खालचा खेळाडू, पावसाळा, विकायला काढलेली जमीन. हा खेळ कुणी केला तर पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला घेईन.