डायनोसॉर, जलप्रलय आणि आपल्या पायाखालचा कातळ

डायनोसॉरचा विषय निघाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : 'हे प्राणी जलप्रलयात बुडून मेले का?' या प्रश्नामागे एक मांडणी आहे. व्हिटकोम आणि मॉरिस या अमेरिकन लेखकांनी १९६१ साली 'द जेनेसिस फ्लड' या पुस्तकात ती सविस्तर केली. जीवाश्म असलेले बहुतेक थर काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच जागतिक महापुरात साचले, असे तिचे सार आहे. आपल्याकडे शतपथ ब्राह्मणातल्या मनू आणि माशाच्या कथेवरूनही कोणी असाच निष्कर्ष काढू शकेल. कथा म्हणून दोन्हींचे स्थान अबाधित आहे. पण खडकांविषयी विधान केले, की ते खडकांवरच तपासायला हवे.

या मांडणीत खरे किती, ते आधी पाहू. हाडे उघड्यावर पडली तर कुजतात, प्राणी ती फोडतात. ती टिकायची तर लवकर गाळाखाली जावी लागतात, आणि हे काम अनेकदा नदीचा पूर करतो. हे भूवैज्ञानिकही मान्य करतात. चूक होते ती पुढच्या उडीत. गोदावरीला पूर आला की काठावर गाळाचा थर बसतो. असे शंभर थर दिसले तर ते शंभर पुरांचे असतील की एकाच पुराचे? 'पाण्याने साचले' हे सिद्ध झाल्याने 'एकदाच साचले' हे सिद्ध होत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात डायनोसॉरची हाडे प्रसिद्ध नाहीत. जिल्ह्याचा जवळजवळ सगळा पाया लाव्हापासून झालेल्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. तरीही या वादात हा जिल्हा महत्त्वाचा साक्षीदार आहे. कसा, ते पाहू.

डायनोसॉरची हाडे आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव येथे सापडली आहेत. ती लॅमेटा नावाच्या थरांत आहेत. पिसदुऱ्याला त्यांची अश्मीभूत विष्ठाही मिळाली आणि तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात याच थरांतून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. ते संशोधन २०२३ साली छापून आले. सारी पृथ्वी पाण्याखाली असताना जमीन उकरून घरटी कोणी केली, हा पहिला प्रश्न.

हे लॅमेटा थर दक्खनच्या लाव्हाखाली आहेत. त्यांच्यावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरले. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच डोंगराकडे पाहिले की पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. ही त्याच प्रवाहांची चवड आहे. दख्खनच्या अशा चवडीत दोन प्रवाहांच्या मध्ये जागोजागी तांबडा मातीसारखा थर असतो. आधीच्या प्रवाहाचा माथा किंवा त्यावर पडलेली राख हवापाण्याने झिजून ही माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजली. लाव्हा पाण्याखाली ओतला गेला तर तो उशांसारख्या गोल आकारांत थिजतो. सह्याद्रीतले प्रवाह उघड्या हवेत पसरल्याच्या खुणा दाखवतात. म्हणजे प्रत्येक तांबडा थर सांगतो, की इथे मध्यंतरी कोरडी जमीन होती.

आता या चवडीच्या वर काय आहे? नेवाशाला प्रवरेच्या काठी गोटे, वाळू आणि गाळ यांचे थर आहेत. १९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले. नदीच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. त्यांतली काही बेसाल्टची आहेत. म्हणजे आधी लाव्हा थिजला, मग नदीने तो कापून खोरे केले, त्याचे तुकडे घासून गोटे झाले आणि मग माणसाने दगड उचलून हत्यार घडवले. हा क्रम एका वर्षाच्या पुरात बसत नाही. खाली डायनोसॉर, मध्ये लाव्हा, वर माणूस. एकाच पुराने सारे बुडवले असते, तर हत्यारे आणि डायनोसॉरची हाडे कुठेतरी एका थरात मिसळलेली मिळायला हवी होती. तशी ती मिळत नाहीत.

हा वाद धर्म विरुद्ध विज्ञान असा रंगवणेही बरोबर नाही. नागपूर परिसरातले लाव्हाच्या थरांमधले गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म जगापुढे आणणारे स्टीफन हिस्लॉप स्वतः मिशनरी होते. केंब्रिजचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक धर्मोपदेशक होते. जागतिक पुराची आपली पूर्वीची मांडणी त्यांनी १८३१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून जाहीरपणे मागे घेतली. कारण थरांचा पुरावा तिच्याशी जुळत नव्हता.

आमची खरी तक्रार आपल्या शिकवण्याविषयी आहे. 'डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले' हे वाक्य आपण पाठ करून घेतो. कारण न सांगता दिलेला आकडा आणि कारण न सांगता दिलेला प्रलय यांत विद्यार्थ्याने फरक कसा करायचा? प्रश्न विचारणाऱ्याला हसून गप्प केले तर तो पुस्तकातले उत्तर लिहील, पण मानणार नाही.

त्यापेक्षा वर्गाला गावच्या विहिरीवर, खाणीवर किंवा नदीच्या दरडीवर न्यावे आणि तीन प्रश्न द्यावेत : कोणता थर खाली आहे? वरच्या थरात खालच्या थराचे तुकडे आहेत का? दोन थरांमध्ये माती तयार व्हायला वेळ मिळाल्याची खूण दिसते का? उत्तरे मुलांनी वहीत चित्र काढून लिहावीत. प्रलयाचा प्रश्न त्यानंतर पुन्हा फळ्यावर घ्यावा.