अमक्याचा मृत्युलेख

नट गेला की काय लिहायचं ते आपल्याकडे ठरलेलं आहे. भूमिकांची यादी, एखादं गाजलेलं वाक्य, ‘पडदा पडला’ असा मथळा. नाटककार गेला तर नाटकांची नावं मदतीला येतात. पण संस्थेतला ‘तो’ माणूस गेला की आपली भाषा एकदम लटपटते. तो म्हणजे तालमीच्या जागेची किल्ली ज्याच्याकडे असायची, तिकिटांच्या पैशांचा हिशेब जो लावायचा, टेम्पोवाल्याशी जो भांडायचा आणि प्रयोग संपल्यावर जो सगळ्यात शेवटी दिवे मालवून निघायचा. मग पटापट शब्द येऊन पडतात : पडद्यामागचा कलाकार, संस्थेचा कणा, आधारवड, निरपेक्ष, प्रसिद्धीपासून चार हात दूर.

या शब्दांची एक सोपी परीक्षा घेता येते. मृत्युलेखातलं नाव काढून दुसरं घालून बघा. लेख तसाच्या तसा चालला, तर तो त्या माणसाबद्दल नव्हताच. आपल्याकडचे पडद्यामागच्या माणसांवरचे बहुतेक लेख या परीक्षेत नापास होतात. नटाच्या लेखात निदान भूमिका तरी त्याच्या असतात. याच्या लेखात फक्त सद्गुण असतात, आणि सद्गुण कुणालाही चिकटवता येतात.

हे का होतं, आणि त्यातून काय बिघडतं, हे बघण्यासाठी एक नाव समोर ठेवतो : अरुण काकडे.

०००

काकडे ९ ऑक्टोबर २०१९ रोजी गेले. मराठी प्रायोगिक रंगभूमीशी ज्यांचा थोडाफार संबंध आला, त्यांना ‘काकडेकाका’ एवढं पुरे. तुम्ही विशीत असाल आणि एकांकिका स्पर्धांच्या बाहेर फारसे गेला नसाल, तर कदाचित नाव ऐकलं नसेल. म्हणून थोडक्यात सांगतो.

१९६० साली विजया मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘रंगायन’ सुरू केली. पुढे त्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७१मध्ये ‘आविष्कार’ काढली. त्यात अरविंद देशपांडे होते, सुलभा देशपांडे होत्या आणि काकडे होते. सुरुवात झाली ती गिरीश कार्नाडांच्या ‘तुघलक’ने, विजय तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात. १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह ‘आविष्कार’चं घर झालं. त्या घरात इतर संस्थांनाही जागा मिळाली, इतकी की त्या काळच्या सगळ्या हालचालीला लोक ‘छबिलदास चळवळ’ म्हणू लागले. एखाद्या नाट्यचळवळीला कुण्या नाटककाराचं नाही, दिग्दर्शकाचं नाही, तर शाळेचं नाव मिळावं, यातच तिचं मर्म आहे. ती चळवळ मुळात जागेची होती. आणि जागा म्हटली की भाडं आलं, तारखा आल्या, खुर्च्या आल्या, शाळेच्या वेळा सांभाळणं आलं. म्हणजे व्यवस्थापन आलं.

१९८७ साली अरविंद देशपांडे गेले. छबिलदासचं पर्व नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संपलं आणि संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. २०१६मध्ये सुलभाताई गेल्या. या सगळ्यात संस्था चालू राहिली. ती चालू ठेवणाऱ्यांत काकडे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होते. अट्ठेचाळीस वर्षं.

त्यांच्या आत्मकथनाचं नाव आहे ‘अमका’.

या नावापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. ‘अमका-तमका’मधला अमका. ज्याचं नाव घ्यायची गरज वाटत नाही, तो. आपण ज्याला आधारवड म्हणून मोकळे होतो, त्याने स्वतःच आपल्याला आरसा दाखवून ठेवला आहे. तुम्ही मला कोण म्हणणार हे मला माहीत आहे, असं ते शीर्षक सांगतं.

०००

आता मूळ प्रश्न. अशा माणसाबद्दल शोक करताना आपण कामाऐवजी सद्गुणांबद्दल का लिहितो?

पहिलं कारण सरळ आहे : ते काम आपल्याला माहीतच नसतं. प्रयोग बघणाऱ्याला नाटक दिसतं. प्रयोग सुरळीत झाला, तर व्यवस्थापन दिसत नाही. ते बिघडलं तरच दिसतं. चांगल्या नेपथ्याची दाद मिळते, पण नेपथ्य वेळेवर पोचलं याची दाद कुणी देत नाही. समीक्षकही त्यात आले. आपल्या नाट्यसमीक्षेत संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाश, संगीत असे रकाने आहेत. तारीख मिळवणं, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेळेत हातात येणं, चाळीस माणसांचा चहा-वडापाव, तोट्याचा प्रयोग झाल्यावर पुढचा प्रयोग लावायचं धाडस, यांना रकाना नाही. ज्याला रकाना नाही, त्यावर लिहायला शब्दही तयार होत नाहीत.

दुसरं कारण जास्त अडचणीचं आहे. कामाबद्दल लिहिलं तर त्याची किंमत निघते, आणि किंमत निघाली की देणं निघतं. ‘निरपेक्ष’ हा शब्द ते देणं एका फटक्यात फेडून टाकतो. त्याला काही नको होतं, म्हणजे आपण काही देणं लागत नाही. ऐकायला ही स्तुती वाटते. प्रत्यक्षात ती पावती आहे : हिशेब पूर्ण.

इथे मला ‘वाडा चिरेबंदी’ आठवतं. महेश एलकुंचवारांचं हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आलं. ते सुरू होतं मृत्यूनंतर. तात्याजी गेलेत, धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात सगळे जमलेत, तेराव्याची तयारी आहे. घरात सुतक आहे, पण माणसं बोलतात ती खर्चाबद्दल. कुणी किती द्यायचे, दागिने कुठे आहेत, गावजेवण घालायचं की नाही. दुःख खोटं नाही. पण ते हिशेबातूनच बाहेर येतं. आणि या सगळ्यात चंदू आहे. धाकटा, वाड्याची सगळी कामं निमूट करणारा. त्याच्या पायाच्या जखमेकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नाही. चंदूला जर कुणी ‘निरपेक्ष’ म्हणालं, तर प्रेक्षक म्हणून आपल्याला चीड येईल. कारण एलकुंचवारांनी आपल्याला त्याचं काम दाखवलेलं असतं.

‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं सलग, सुमारे नऊ तासांच्या एका प्रयोगात सादर झाली, ती १९९४ साली. दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं, निर्मिती ‘आविष्कार’ची. या त्रिनाट्यधारेबद्दल बोलताना आपण दिग्दर्शकाच्या आवाक्याबद्दल आणि नटांच्या दमाबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण नऊ तासांचा प्रयोग प्रायोगिक संस्थेच्या तिजोरीवर उभा करायचा म्हणजे काय, हा प्रश्न त्या नाटकाच्या समीक्षेत यायला हवा की नाही? माझ्या मते यायला हवा. तो निव्वळ व्यवस्थापनाचा तपशील नाही. कुणीतरी ‘करू या’ म्हणालं म्हणून ती कलाकृती त्या आकारात अस्तित्वात आली. आकार हा कलेचाच भाग असतो.

०००

यावर एक आक्षेप येईल. माणूस गेलाय आणि तुम्ही हिशेबाच्या वह्या काय काढता? शोकात थोडी अतिशयोक्ती चालायचीच.

चालेल. पण तपशील कोरडा असतो, हे मला मान्य नाही. उलट तपशिलातच माया असते. याचं माझ्या वाचनातलं चांगलं उदाहरण दिल्लीचं आहे : सुधन्वा देशपांडे यांचं ‘हल्ला बोल’ हे २०२०मध्ये आलेलं इंग्रजी पुस्तक. (सुधन्वा हे गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव. ‘गोपुं’चं ‘सत्यशोधक’ त्यांनी १९९२मध्ये ‘जन नाट्य मंच’साठी हिंदीत दिग्दर्शित केलं होतं.)

१ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर या कामगार वस्तीत ‘जनम’चं पथनाट्य सुरू असताना हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार त्यात मारला गेला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेला, चौतिसाव्या वर्षी. ४ जानेवारीला त्याची पत्नी मोलयश्री आणि बाकीचे कलाकार त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. ‘जनम’ ही पगारी नटांची संस्था नव्हे. नोकऱ्या आणि कॉलेज सांभाळून येणारी ही माणसं होती.

एवढी मोठी घटना हातात असताना सफदरचा पुतळा उभा करणं सोपं होतं. पुस्तक ते करत नाही. त्याचं उपशीर्षकच ‘मृत्यू आणि जीवन’ असं उलट्या क्रमाने येतं. आधी हल्ला, मग माणूस. तो तालमी कशा घ्यायचा, नाटक एकत्र बसून कसं लिहिलं जायचं, संघटना कशी चालायची, हे सगळं कामाच्या पातळीवर येतं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे राम बहादूर हे नाव तळटीप होत नाही. एक कामगार, बाकी कुठल्याही लेखात जो ‘आणखी एक जण’ झाला असता, त्याला पुस्तक नावानिशी समोर ठेवतं. अमक्याला नाव देणं हे शोकाचं पहिलं काम आहे, एवढं तरी या पुस्तकाकडून घ्यावं.

दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. एकीकडे खून आहे, दुसरीकडे पिकल्या वयातला मृत्यू. पण दोन्हीकडे नाटकवाल्यांनी जे केलं, त्यात साम्य आहे. ‘जनम’ परत गेली आणि नाटक पूर्ण केलं. ‘आविष्कार’ने अरविंद देशपांडे गेल्यावर त्यांच्या नावाने वार्षिक नाट्यमहोत्सव सुरू केला. म्हणजे त्यांच्या नावावर दरवर्षी नवं काम लावून घेतलं. नाटकवाल्यांना शोक करता येतो तो असा. आपला लेखी शोकच तेवढा मागे पडला आहे.

०००

हे सगळं मी नाट्यप्रेमी ज्येष्ठांना नाही, तुम्हाला का सांगतोय?

कारण पुढचे काकडे तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. ‘पुरुषोत्तम’च्या तयारीत असलेल्या कॉलेजच्या टीममध्ये एक मुलगी असते, जिचं नाव कलाकारांच्या यादीत नसतं, पण कुणाची परीक्षा कधी आहे, कुणाचा डबा येत नाही, सेटचं प्लायवूड कुठे स्वस्त मिळतं हे सगळं तिला पाठ असतं. ‘ती आहे म्हणून चालतंय’ असं सगळे म्हणतात. कौतुकाने म्हणतात. आणि तिसऱ्या वर्षी ती थकते, तेव्हा ‘हल्ली तिचं लक्ष नाही’ असंही तेच म्हणतात.

निरपेक्षतेचं कौतुक असं उलटतं. गेलेल्याला ते काही इजा करत नाही. इजा होते मागे राहिलेल्यांना. पन्नास वर्षं न थकता राबलेल्या माणसाचा आदर्श समोर ठेवला, की थकणं हा दोष ठरतो. शिवाय त्या आदर्शामागची एक गोष्ट आपण सांगत नाही. हौशी रंगभूमी बऱ्याच अंशी उभी राहिली ती बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांतल्या ठरलेल्या वेळेच्या नोकऱ्यांवर. सहाला सुटलं की सातला तालीम. आणि घरी बहुतेक वेळा कुणीतरी बाई संध्याकाळ सांभाळत होती, जिचं नाव मृत्युलेखात ‘पत्नीची मोलाची साथ’ एवढंच येतं. आज फ्रीलान्सवर जगणाऱ्या, रात्री अकराला कॉल घेणाऱ्या पोरापोरींकडून तीच ‘निष्ठा’ मागणं म्हणजे त्या नोकऱ्या आणि त्या बायका हिशेबातून वगळणं.

म्हणून अशा माणसाचा मृत्युलेख लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर विशेषणं थोडा वेळ बाजूला ठेवा. तीन गोष्टी लिहा. तो नेमकं काय करायचा. त्यासाठी त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं काय गेलं. आणि उद्यापासून ते कोण करणार, कशाच्या बदल्यात.

तिसरा प्रश्न लिहायला सर्वात अवघड जातो, कारण त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पण श्रद्धांजलीच्या सभेत सगळे जमलेले असतात, किल्ली टेबलावर पडलेली असते, आणि पुढच्या शनिवारी हॉल बुक असतो. तो प्रश्न विचारायला याहून चांगली वेळ येत नाही.